दातांवरून वय

वाडीच्या पुढे, अमरावती रोड सोडून
कच्च्या रस्त्याने आत गेलं की पत्र्याचं शेड.
मे महिना, सकाळचे नऊ, आणि पत्रा आधीच तडतडत होता.
तेजस्विनी नंदेश्वर नावाची मुलगी, गमबूट घातलेली,
म्हणाली, ‘पिल्लं इकडे आहेत, काकू.’
सगळे तिकडेच जातात. मीही दोन पावलं गेले.

तो शेवटच्या पिंजऱ्यात, पाठमोरा.
‘टेरियर. लहानच राहते हे. आता वाढणार नाही.’
नारळाच्या शेंडीसारखे केस,
एक कान उभा, दुसऱ्याचं अजून ठरलेलं नाही.
वय?
तिने अंगठ्याने त्याचा ओठ वर केला.
‘चार. पाच धरा. दातांवरून.’
नाव?
‘आम्ही मोती म्हणतो. येत नाही.
कोणाच्या तरी घरी होता, एवढं नक्की.
उंबऱ्याशी थांबतो. आत ये म्हटल्याशिवाय येत नाही.’

फॉर्मवर एक रकाना होता: प्राणी का हवा आहे?
मी लिहिलं, घर रिकामं नाही.
मग खोडलं. मग तेच पुन्हा लिहिलं.

ऑटोत तो मांडीवर बसला नाही, पायाशीही नाही.
पिशवी ठेवतात तिथे उभा राहिला
थेट गोपालनगरपर्यंत, वळणावळणाला तोल सावरत.
हे म्हणाले, ‘पिल्लू आणायचं होतं. शिकलं असतं.’

त्रेचाळिसाव्या वर्षी मी या घरात आले
तेव्हा माझ्याजवळही एक स्टीलचा डबा होता,
पाच वाजताचा बिनसाखरेचा चहा,
आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची सवय.
रेवती तेव्हा नववीत.
तिने मला आजपर्यंत कशानेच हाक मारलेली नाही.
‘ऐका ना’ म्हणते. किंवा दारावर टकटक करते.
तिची आई भिंतीवर आहे, हार मीच बदलते.
यात भांडण काही नाही.

आठ दिवस तो पायरीवरच.
जुन्या कुलपाला किल्ल्या लावून पाहाव्या
तशी मी नावं लावून पाहिली,
शेरू, ब्राउनी, टायगर, बाळ्या, पुन्हा एकदा मोती.
गच्चीवरून उईके काकू: ‘हिंदीत बोलून पाहा ना वो,
कोन्या हिंदीवाल्याचं असन ते.’
बोलले. आजा बेटा.
कान हलला. न ठरलेला.

दुपारी साडेतीनला गल्लीतून एक लूना जाते,
सायलेन्सर गेलेली.
तो उठतो, फाटकापर्यंत धावतो. लूना वळते.
तो परत येतो, जणू
कुंडीत उकरायलाच गेला होता.
मग खरंच उकरतो. शेवंती गेली, कोरफड गेली.
मी रागावत नाही.
बँकेत कोणी ‘बारापात्रे’ पुकारलं
की मीसुद्धा अजून वळते.

खिडकीबाहेरच्या कूलरखाली, जिथे पाणी ठिबकतं,
त्याने स्वतःच्या मापाचा खड्डा केला.
वाळ्याचा वास, चिखल, आणि मधे ते शेंडीचं गाठोडं.

मग ती रात्र. दिवसभर सेहेचाळीस,
दोन वाजता लाइट गेली.
कूलर घरघरून थांबला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू आलं
की ती किती शांत आहे.
रेवती चटई घेऊन पुढच्या खोलीत आली, दार उघडलं.
तो उंबऱ्यावर उभा, पोटापर्यंत चिखल.
ती अर्धवट झोपेत म्हणाली,
‘ये ना आत. उभा काय राह्यला?’

तो आला.
फरशीवर चार चार बोटांचे ठसे काढत,
भिंतीपाशी गेला, गोल फिरला, पडला.
तेजस्विनीने सांगितलेलं होतं.
मी नावांच्या नादात विसरले.

लसीच्या कार्डावर नावाची जागा अजून कोरी आहे.
सुचतं तसं काहीतरी म्हणतो आम्ही.
हे ‘अबे’ म्हणतात.
काल रेवती स्वयंपाकघराच्या दारात आली,
‘ऐका ना,’ म्हणाली,
आणि आम्ही दोघंही वळलो.